हलकं छप्पर

मल्हारीनं थोरल्या बहिणीला मुकुंदवाडीच्या आपल्या घरी आणलं, तेव्हा ती दाराशीच थांबली. बानाबाईनं पायरीवर चपला काढल्या, चौकटीला हात टेकला आणि मान वर करून छताकडं बघितलं. ते स्लॅबचं छत मल्हारीनं पोटाला चिमटा घेऊन टाकलं होतं. गल्लीत बाकी सगळी पत्र्याची घरं, याचं एकट्याचं स्लॅबचं. बहीण छत बघतीय म्हणून तो हौसेनं म्हणाला, "आक्का, सळई लई मजबूत वापरलीय. कायबी झालं तरी हालायचं नाय."

बानाबाईनं चौकटीवरचा हात काढून घेतला.

"लई जड आसंल," ती म्हणाली. पुन्हा चपला घातल्या आणि अंगणात जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिनं घरात पाऊल टाकलं नाही.

किल्लारीकडच्या भूकंपाला तेव्हा काही महिने लोटले होते. धनगराच्या घरातली ही दोघं. बाप दरसाल दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचा, पैठणच्या अंगानं गोदावरी ओलांडायचा, बालाघाटाच्या डोंगरांनी खाली उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचा. त्या वाटेवर किल्लारीच्या अलीकडं एक गाव लागायचं. तिथं मुक्काम पडून पडून ओळखी झाल्या आणि बापानं बानाबाईची सोयरीक तिथंच जुळवली. मल्हारी मात्र मेंढरांत रमला नाही. मिसरूड फुटायच्या आतच तो औरंगाबादेत आला, छावणीजवळ ट्रकच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात हातोडी धरायला शिकला आणि तिथंच राहिला.

बानाबाईचा नवरा मागंच वारला होता. घरात मुलगा सोनाजी, सून आणि नातू बिरू. गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं. बानाबाईची एक मेंढी अडली होती म्हणून ती रात्रभर वाड्यावर, काट्यांच्या कुंपणात बसून होती. पहाटे भुई हालली. हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद, सगळं जाग्यावर बसलं. वाड्याच्या वर काहीच नव्हतं, म्हणून पडायलाही काही नव्हतं. ती वाचली.

मल्हारीला कळलं तसा तो गेला होता. तेव्हा ती यायला तयार झाली नाही. पुढं सरकारनं पत्र्याची शेडं घालून दिली, त्या शेडच्याही बाहेरच ती बसून असते, असा निरोप आला, तेव्हा तो पुन्हा गेला. वाचलेली मेंढरं गावातल्या सांडू नावाच्या भावकीतल्या माणसाच्या हवाली केली आणि तिला एसटीत घालून घेऊन आला.

तिला आणताना त्याच्या मनात आपलाही विचार होता. त्याचं लग्न कधीचं मोडलं होतं. बायको बाळंतपणाला माहेरी गेली, मूल दगावलं, आणि बायको परत आली नाही. पुढं तिनं दुसरं घर केलं. तेव्हापासून मल्हारी कामावरून यायचा, स्टोव्हवर काहीतरी उकडायचा, रेडिओ लावायचा आणि भिंतीकडं तोंड करून जेवायचा. घरात कुणी तरी असावं, 'आलास का?' एवढं जरी कुणी म्हटलं तरी पुरे, असं त्याला वाटायचं. आक्का आली की ते होईल, हा त्याचा हिशेब होता.

आणि ती म्हणायचीही, 'आलास का?' पण अंगणातून.

अंगणातही ती कुठं म्हणून बसायची नाही. आपल्या भिंतीपासून, शेजाऱ्याच्या भिंतीपासून, म्युनसिपालटीच्या दिव्याच्या खांबापासून ती अंदाज घ्यायची. कुठली भिंत पडली तर कुठवर येईल, हे डोळ्यांनी मोजून मधोमध जेवढी जागा उरायची, तेवढ्यात तिची वाकळ. तिथंच तीन दगडांची चूल. मल्हारी दारात पाट घेऊन जेवायला बसायचा, ती चुलीपाशी. दोघांच्या मध्ये अर्धं अंगण. एवढ्या अंतरावरून सुखदुःखाचं बोलता येत नाही. भाकरी पाहिजे का, मीठ कमी झालं का, एवढंच बोलता येतं.

शेजारी सारजाबाई राहायची. बाई तोंडानं फटकळ पण मनानं बरी. एक दिवस तिनं मल्हारीला गाठलंच.

"मल्हारीभाऊ, लोकं काय म्हणायलेत ठावं हाय का? भावानं सख्ख्या बहिणीला कुत्र्यावानी भाईर ठिवलंय म्हणायलेत."

"मी ठिवलंय व्हय? ती आत येत नाय."

"मला कळतंय वो. पर किती जनाला सांगत बसू?"

थंडी तशीच गेली. घोंगडी पांघरून बानाबाई उघड्यावर झोपायची. उघड्यावर झोपणं तिला नवं नव्हतं; अर्धं आयुष्य तिनं मेंढरांमागं तसंच काढलं होतं. नवी होती ती रेल्वे. मुकुंदवाडीचं स्टेशन जवळ. मालगाडी जायला लागली की रुळांपासून अंगणापर्यंत भुई थरथरायची. मल्हारीला ती थरथर कळतही नसे. बानाबाई मात्र दर गाडीला उठून बसायची, दोन्ही तळहात जमिनीला लावायची आणि गाडी पार लांब जाईपर्यंत तशीच राहायची.

मग फाल्गुनात एका दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. कारखान्याच्या पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की कुणाला कुणाचं ऐकू येईना. मल्हारी सायकल काढून तसाच निघाला. येईस्तोवर गारा थांबल्या होत्या, अंगण पांढरंफटक पडलं होतं, आणि त्या पांढऱ्या अंगणाच्या मधोमध बानाबाई उकिडवी बसली होती. डोक्यावर घमेलं उपडं धरलेलं. घमेल्याच्या कडा धरलेली बोटं सुजून लाल झाली होती. तिच्या मागं, दहा पावलांवर, घराचं दार सताड उघडं होतं.

मल्हारीनं घमेलं तिच्या हातातून काढून घेतलं. 

"आक्का, जरा आत गेली आसतीस तर?"

"गेले हुते की," ती म्हणाली. "उंबऱ्यापतुर गेले हुते. पाय उचलला नाय रं."

दुसऱ्या दिवसापासून मल्हारीनं तिच्यासाठी खोली बांधायला घेतली.

खोलीला चाकं पाहिजेत, हे त्यानं पहिल्या दिवशीच ठरवलं. अंगण एवढंसं, त्यात रेल्वेची थरथर. आज इथं, उद्या कुठं चांगली निवांत जागा मिळाली तर तिथं ओढून नेता आली पाहिजे. कारखान्यात एक टाटाची लहान पिकअप होती, माल आणायला-न्यायला. गाडी म्हातारी होती, चढाला धापा टाकायची. मालक मोईनभाई म्हणाले, "ले जा, मैं कायको ना बोलूँगा? मगर वजन देख के बना. ये गाड़ी तेरे को ओढ़ती सो बहुत है."

मल्हारीला बॉडी बांधायची एकच रीत ठाऊक होती, ट्रकची. जुन्या बाजारातून त्यानं फियाट गाडीचा मागचा दांडा चाकांसकट आणला, त्यावर लोखंडी चौकट जोडली, अँगलचे खांब उभे केले, वर पत्रा मारला. कामावरून आला की अंधार पडेपर्यंत तो त्यालाच भिडलेला असायचा. हातखंडा काम, बघता बघता उभं राहिलं. बानाबाई चुलीपाशी बसून बघायची, बोलायची नाही. पत्रा चढवून झाल्यावर त्यानं तिला हाक मारली.

"बघ आक्का. कशी झालीय?"

ती आली. तिनं आत डोकावलंसुद्धा नाही. छपराची बाहेर आलेली कड दोन्ही हातांनी धरली आणि वर उचलून बघितली. छप्पर हाललं नाही. तिनं पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि मग हात सोडून दिले.

"मला उचलत नाय," ती म्हणाली.

"अगं, तुला उचलायचं कशाला? ते बोल्टानं आवळलंय, निघायचं नाय!"

"निघंल की. सगळंच निघतंय."

मल्हारीला राग आला. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली. तो रात्री जेवला नाही. पण सकाळी पाना घेऊन पहिला बोल्ट त्यानंच सैल केला. पत्रा, अँगल, सगळं उतरवून भंगारात घातलं, खालची चौकट तेवढी ठेवली आणि तीही कापून पातळ चौकोनी पाइपाची केली.

आता प्रश्न होता, भिंती आणि छप्पर कशाचं करायचं. बांबू हलका, पण वर घालायचं काय? ताडपत्री वाऱ्यात फडफडते, गारा पडल्या तर खालच्या माणसाला लागणारच. मोईनभाईंच्या कारखान्यात तेव्हा आइस्क्रीमवाल्याच्या एका टेम्पोची बॉडी आली होती. थंडावा राहावा म्हणून तिच्या दोन पत्र्यांच्या मध्ये थर्माकोलच्या जाड पाट्या भरायच्या होत्या. मल्हारीनं एक पाटी एका बोटावर तोलून धरली. दाराएवढी मोठी, आणि वजन म्हणाल तर कोंबडीच्या पिलाएवढं. तो ती बराच वेळ तशीच धरून उभा राहिला.

"क्या देख रा?" मोईनभाईंनी विचारलं.

"मोईनभाई, ये अंग पे पड़ा तो लगता क्या?"

मोईनभाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी काही चेष्टा केली नाही. "नहीं रे, क्या लगता," एवढंच म्हणाले. "ले जा चार-छह. मगर ऐसा नंगा रखेगा तो चूहे खा लेंगे. ऊपर से कपड़ा चिपका."

कापड छावणीच्या बाजारात मिळालं. लष्करातून बाद झालेले तंबू तिथं विकायला यायचे. जाड, हिरवट, मेणाचा वास मारणारं कापड. पहिली पाटी मात्र फसली. मल्हारीनं कारखान्यातला नेहमीचा पिवळा, उग्र वासाचा गोंद लावला, तर थर्माकोल डोळ्यांदेखत वितळून त्याला खड्डे पडले. बानाबाई ते बघून पहिल्यांदा जरा हसली. "जळूवर मीठ पडल्यावानी झालं की रं," ती म्हणाली. मग त्यानं सुतारांचा पांढरा गोंद आणला आणि तो चालला.

कापड जागोजागी फाटलेलं होतं. बानाबाईनं आपणहून दाभण मागून घेतलं. पोती शिवायची तिला सवय होती. तिचा टाका असा बारीक आणि ओढून बसवलेला असायचा की मल्हारीनं कौतुकानं त्यावरून बोट फिरवलं. ती शिवायची, तो गोंद लावून कापड ताणायचा, ती दुसऱ्या टोकाला गुडघा देऊन धरायची. आता दोघांच्या मध्ये अर्धं अंगण नव्हतं, एक पाटी तेवढी होती. हात कामात असले की तोंडही मोकळं होतं. ती बापाच्या गोष्टी काढायची. गोदावरीच्या उतारावर कुत्रं वाहून गेलं तेव्हा बाप लहान पोरासारखा रडला होता, हे मल्हारीला आठवतही नव्हतं. तो तेव्हा घोड्यावर, सामानावर बांधलेला असायचा.

"तू लई रडका हुतास," ती म्हणाली. "पालात झोपायचा नायस. आभाळ दिसलं पायजे म्हणायचास."

"मी?"

"मंग कोण? आन् आता बघ, स्लॅब टाकून बसलास."

ते दिवस मल्हारीला फार बरे गेले. कारखान्यात दुपार कलली की त्याचं लक्ष घराकडं लागायचं. काम हळूहळू होत होतं आणि ते हळूच व्हावं असं त्यालाही वाटत होतं. कधी कधी बरा बसलेला सांधाही तो उगीच उकलून पुन्हा बसवायचा.

भिंती उभ्या राहिल्या. बांबूच्या वाकवलेल्या कमानी, त्यावर कापड चढवलेल्या पाट्या, एका बाजूला जाळीची खिडकी. तळाला पातळ प्लायवूड. छप्पर वेगळं, एका तुकड्यात तयार केलं होतं. त्याला रंगाचे दोन हात दिले होते. ते चढवायचं होतं त्या रविवारी सारजाबाईही हात लावायला आली. मल्हारीनं एक कड धरली, तोच बानाबाई म्हणाली, "थांब. आधी माझ्या अंगावर टाक."

"काय?"

"मी झोपते हितं. तू वरून टाक."

"आक्का, कायतरीच काय!"

"टाक म्हणते ना."

ती अंगणात उघड्या भुईवर आडवी झाली. लुगडं घोट्यापर्यंत नीट ओढून घेतलं, हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटले. मल्हारीनं सारजाबाईकडं बघितलं. सारजाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. दोघांनी मिळून छप्पर उचललं आणि अलगद तिच्या अंगावर ठेवलं.

"आसं नाय," छपराखालून आवाज आला. "पडतंय तसं टाक."

त्यांनी ते पुन्हा उचललं. कमरेइतकं. त्यानं सोडून दिलं.

थप्प आवाज झाला, कडेनं थोडी धूळ उडाली आणि मग काहीच नाही. छप्पर भुईवर पडलं होतं आणि त्याच्याखाली त्याची बहीण होती. मल्हारी वाकणार, एवढ्यात छपराची एक बाजू उचलली गेली. खालून एकच हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांच्या जागी गोंदण असलेला, आणि त्या हातानं छप्पर बाजूला सरकवलं. बानाबाई कोपरावर रेलून उठली. तिच्या केसांत माती होती. ती त्या छपराकडं बघत राहिली.

"बिऱ्याला बी ढकलता आलं आसतं हे," ती म्हणाली.

तिनं छपराच्या कडेवरून हात फिरवला.

"लई येळ हाक मारत हुता. आज्जे, आज्जे. मी दगडं काढतच हुते. मधी तुळई आडवी आलती. सोनाजीच्या बानं हौसेनं सागाची घातली हुती. मला हालली नाय ती. गावात कुणाला हाक मारावी तर समदेच खाली." तिनं हाताला लागलेली माती झटकली. "मंग त्यानं हाक मारायची बंद केली."

इतक्या महिन्यांत हे ती पहिल्यांदा बोलली होती. मल्हारी छपराची कड धरून नुसता उभा होता. त्याला वाटलं, जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवावा. पण पाय उचलेनात, आणि तेवढ्यात ती उभी राहिली.

"चढव आता," ती म्हणाली.

अंगणात पहिल्या दिवशी ती त्या खोलीत झोपली आणि मालगाडी येताच बाहेर आली. चाकांवरची खोली गाडीच्या थरथरीनं पाळण्यासारखी झुलली होती. मल्हारीनं चारी कोपऱ्यांना टेकू दिले, तरी तेच. मग मोईनभाईंनी चिकलठाण्याच्या पुढं एका ओळखीच्या माणसाचं पडीक रान मिळवून दिलं. रुळांपासून लांब, आजूबाजूला ना भिंत ना खांब. पिकअपला खोली जोडून मल्हारी तिला तिथं घेऊन गेला. म्हातारी गाडी जराही कुरकुरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकलवर चहाची किटली अडकवून तिकडं गेला. ऊन चांगलं वर आलं होतं आणि खोलीचं दार अजून बंद होतं. दारापाशी जाऊन त्यानं कान दिला. आत बानाबाई घोरत होती. मल्हारी बांधावर बसला. चहा गार झाला, तरी त्यानं तिला उठवलं नाही. भूकंपानंतर ती इतकी गाढ झोपली नव्हती, हे त्याला न विचारताही कळत होतं, आणि आपण बांधलेल्या वस्तूत ती झोपलीय याचा त्याला आनंद होत होता.

उठल्यावर तिनं तो गार चहाच घेतला. तोंड पुसलं आणि विचारलं, "ही कुठवर जाती रं?"

"गाडी ओढंल तिथवर."

"माझ्या गावापतुर जाईल?"

मल्हारीला आधी वाटलं, तिला एकदा जाऊन यायचं असेल. "जाईल की. जाऊन येऊ एकदा."

"यायचं नाय," बानाबाई म्हणाली. "जायाचं."

"तिथं कोण हाय आता तुझं?"

"हायेत की. समदी तिथंच हायेत. मेंढरं बी हायेत, सांडूकडं. किती दिस संभाळंल तो?"

"आन् मी?"

"तू बी हायस, बाबा," ती म्हणाली. "तू नसतास तर मी काय वाचले नसते. पर हितं दिसभर मी काय करू? तू येस्तोवर वाट बघायची, आन् आलास की भाकरी टाकायची. मला माझ्या रानात जाऊ दे."

मल्हारीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गाडीचं क्लचचं काम निघालंय, असं त्यानं सांगितलं. ते खरंही होतं; पण ते काम झालं तरी त्यानं तिला सांगितलं नाही. मग कारखान्यात कामाची घाई आहे म्हणाला. ती त्याविषयी पुन्हा एका शब्दानं बोलली नाही. तो रोज संध्याकाळी रानात जायचा, ती चुलीवर भाकरी टाकायची, दोघं समोरासमोर बसून जेवायचे आणि तो सायकलवर परत यायचा. असंच चालू राहिलं तर काय वाईट आहे, असं तो वाटेत स्वतःला विचारायचा.

एका संध्याकाळी तो गेला तर खोलीच्या बाजूला बाभळीच्या फांद्यांचा मोठा गोल वाडा घातलेला होता. मेंढरांना घालतात तसा, काटे बाहेर, आत यायला एक वाट, वाटेवर आडवी फांदी. आतली जमीन झाडून लख्ख केलेली. आत काहीच नव्हतं. बानाबाईचे हात काट्यांनी ओरबाडले होते.

"हे कशाला गं?"

"उगंच," ती म्हणाली. "हाताला सवय."

मल्हारी त्या रिकाम्या वाड्याभोवती एक फेरी मारून आला. दुसऱ्या दिवशी त्यानं मोईनभाईंकडं गाडी मागितली.

बीड, अंबाजोगाई, लातूर करत ते सावकाश गेले. ढाब्यावर लोक जमायचे, खोलीच्या भिंतीवर टिचकी मारून बघायचे. बानाबाई पुढं मल्हारीशेजारी बसली होती आणि लातूर सोडल्यावर तिनं एकेक गाव, एकेक ओढा नावानिशी सांगायला सुरुवात केली. तिचा आवाजच बदलला होता. मल्हारी हूं हूं करत गाडी हाकत होता.

गाव म्हणावं असं तिथं काही उरलंच नव्हतं. दगडांचे ढीग, त्यात उगवलेलं गवत, मधे मधे न पडलेले कडुनिंब. शेडं लांब माळावर होती. बानाबाईनं ढिगाऱ्यांतून बरोबर वाट काढली आणि आपल्या जुन्या वाड्याच्या जागेशी गाडी थांबवायला सांगितली. सांडू मेंढरं घेऊन आला. तिनं एकेक मेंढी हातानं चाचपली, दात बघितले, आणि एकीच्या पायात काटा निघाला म्हणून सांडूला चांगलं फैलावर घेतलं.

मल्हारीनं खोली सोडवली, वाटेसाठी छपरावरून आवळलेल्या दोऱ्या काढल्या, टेकू लावले. चाक घरंगळू नये म्हणून उटी लावायला दगड पाहिजे होता. तो इकडंतिकडं बघायला लागला, तेव्हा बानाबाई आपल्या घराच्या ढिगाऱ्याशी गेली आणि एक दगड निवडून पोटाशी धरून घेऊन आली. चाकाखाली तिनं स्वतःच तो सरकवून बसवला. शेडांतल्या काही बायका आल्या होत्या. त्यातल्या एकीनं खोलीच्या छपराला खालून हात लावला, ते जरा उचललं गेलं, आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली. बानाबाईनं तिला आत नेलं. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. तोवर मल्हारी गाडीच्या फळीवर बसून होता. त्याच्याशी बोलायला तिथं कुणाला वेळ नव्हता.

निघताना तिनं त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "लगीन कर बाबा दुसरं," म्हणाली. "येळ गेली नाय अजून." तो हसला. परत येताना पिकअप मोकळी होती, जराशा खड्ड्यालाही उडायची. बीडच्या पुढं त्याला जाणवलं की तो अजूनही आरशात मागं बघूनच वळणं घेतोय.

मुकुंदवाडीला सारजाबाईनं विचारलं, "रमल्या का ताई?" तो म्हणाला, "रमली." मग बरेच दिवस त्याला कुणी काही विचारलं नाही.

पुढं तो एसटीनं जाऊन यायचा, आधी दर महिन्याला, मग सणावाराला. सरकारनं बानाबाईला नव्या गावठाणात सिमेंटचं घर दिलं. तिनं त्यात कडबा भरून ठेवला. मेंढरं वाढली होती. मोईनभाईंना सांगून मल्हारीनं शेडांतल्या त्या रडणाऱ्या बाईसाठीही एक खोली बांधून दिली, पण ती बांधताना समोरून टाके घालायला कुणी नव्हतं आणि ती पटकन होऊन गेली.

नंतरच्या दिवाळीत तो गेला तेव्हा बानाबाई त्याला फाट्यापर्यंत सोडायला आली होती, मेंढरं पुढं घालून. एसटी यायची होती. ती त्याला म्हणत होती की पुढच्या खेपेला दाभण घेऊन ये, छपराचं कापड एका जागी उसवलंय; तो म्हणत होता की मीच येऊन करीन, दोन दिवस राहीन. "राहा की," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचं लक्ष गेलं. मेंढरं कुणाच्या तरी ज्वारीत शिरली होती. "आगं माझे आये!" म्हणून तिनं काठी उचलली, पदर खोचला आणि बांधावरून पळत सुटली. एवढ्या वयात ती अशी पळेल, असं मल्हारीला वाटलंही नव्हतं. ज्वारी उंच होती. थोडा वेळ काठीचं टोक दिसत राहिलं, तिच्या हाळ्या ऐकू येत राहिल्या.

एसटी आली. कंडक्टरनं दार उघडून धरलं. मल्हारीनं पायरीवर उभं राहून ज्वारीच्या दिशेनं हात हलवला. तिकडून कुणी बघत नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "चला पावणं, बसून घ्या," आणि तो खिडकीशेजारच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला.